पाळकाने मंडळी सांभाळताना घरातील निष्ठा कशी जपावी

नाशिकमध्ये शरणपूरला असो वा नाशिकरोडला, पाळकाचा, म्हणजे ख्रिस्ती मंडळी (चर्चमधील भाविक) सांभाळणाऱ्या धर्मगुरूचा, रविवार एका उपासनेवर संपत नाही. संडेस्कूल, कमिटीची बैठक, आजाऱ्यांच्या भेटी आणि संध्याकाळची प्रार्थनासभा आटोपून तो घरी पोहोचतो तेव्हा मुले झोपलेली असतात. हे सारे देवाचेच काम असल्याने घरच्यांनी कुरकुर करू नये, अशी समजूत सेवकाच्या मनात नकळत रुजते, आणि माझ्या मते देवाशी असलेली निष्ठा सर्वप्रथम याच ठिकाणी ढळू लागते. बायबलमधील १ तीमथ्य ३ मध्ये प्रेषित पौलाने मंडळीच्या अध्यक्षाची पारख त्याच्या घरापासून केली आहे. १ पेत्र ३:७ तर त्याहून परखड आहे: पत्नीला मान न देणाऱ्या पतीच्या प्रार्थनांनाच अडथळा येतो.

म्हणून आठवड्यातील एक दिवस घरासाठी राखावा आणि तो रविवारच्या सूचनांमध्ये मंडळीला स्पष्टपणे सांगावा. अंत्यविधी किंवा गंभीर आजारपण सोडल्यास त्या दिवशी घरभेटी ठेवू नयेत. दररोज सकाळी मोबाइल हाती घेण्यापूर्वी पतिपत्नीने मिळून प्रार्थना करावी. ती चार वाक्यांची असली तरी चालेल, परंतु तिच्यात उपदेश करू नये. ‘प्रभू, आमच्या घरातील राग काढून टाक’ असे म्हणत पत्नीलाच टोमणा मारणे ही प्रार्थना नव्हे. उपवासकाळात अधिक काळ एकांतात राहायचे असेल, तर १ करिंथ ७:५ प्रमाणे आधी दोघांची संमती असावी.

समुपदेशनाबाबत मात्र फार काटेकोर राहावे. एकट्या स्त्रीला भेटताना खोलीचे दार उघडे असावे आणि महिला मंडळातील एखादी वडीलधारी बाई हाकेच्या अंतरावर असावी. रात्री उशिरा येणाऱ्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशांना सकाळी उत्तर द्यावे. आपण कोणाला भेटतो हे पत्नीला माहीत असावे, पण विश्वासाने सांगितलेली गोष्ट तिच्याही कानावर घालू नये, कारण तो भार तिचा नाही. दानपेटीची मोजणी कमिटीच्या दोघांनी करावी आणि पाळकाने त्या पैशाला हात लावू नये.

पाळकाची पत्नी ही मंडळीची बिनपगारी सेविका नव्हे. बायबलमधील प्रिस्किल्ला व तिचा पती अक्विला ही दोघे तंबू शिवत आणि अपुल्लो या उपदेशकाला शिकवतही असत; कोणती सेवा पत्करायची हे पत्नीने स्वतः ठरवावे. तिच्या विश्वासावरही जबरदस्ती करू नये. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचा संसार दुभंगला. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, स्वतःच्या खात्रीने. ही वर्षे त्यांना किती जड गेली, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. ज्याची पत्नी आज उपासनेला येत नाही, त्याने तिला मंडळीसमोर लाजवू नये.

दावीद राजाला जसा त्याचे पाप दाखवून देणारा नाथान संदेष्टा, तसा तोंडावर बोलणारा एक ज्येष्ठ सेवक प्रत्येक पाळकाला हवा, आणि तो आपल्या मंडळीबाहेरचा असावा. त्याला महिन्यातून एकदा भेटावे व त्याने घराविषयी थेट प्रश्न विचारावेत. व्यभिचार घडलाच, तर व्यासपीठावरून गोलमोल कबुली देण्याऐवजी पत्नीला आणि बिशपसाहेबांना किंवा मंडळीच्या वरिष्ठांना सत्य सांगून सेवेतून बाजूला व्हावे. परत यायचे की नाही हे त्याने स्वतः ठरवू नये. पाळकाच्या घरात मारहाण होत असेल, तर ‘सहन कर, प्रार्थना कर’ असा सल्ला पत्नीला कोणीही देऊ नये. तिला आधी सुरक्षित ठिकाणी न्यावे, १८१ या महिला हेल्पलाइनवर किंवा पोलिसांकडे जाण्यास तिला साथ द्यावी, आणि तिच्या राहण्याचा व मुलांच्या शाळेचा खर्च कमिटीने उचलावा.