वीज आणि चुंबक: प्रदर्शनातल्या खिळ्यापासून शेतातल्या मोटरपर्यंत या चुका टाळा

हिवाळ्यात जळगाव-धुळ्याकडच्या शाळांत विज्ञान प्रदर्शनांची धावपळ सुरू होते. खिळ्याला तार गुंडाळून केलेलं विद्युतचुंबक तिथे हमखास असतं, आणि ऐन परीक्षकांसमोर ते टाचणीही उचलत नाही. मुलं हिरमुसतात. चूक बहुतेक वेळा अगदी साधी असते.

पहिला संशय तारेवर घ्या. वाइंडिंगच्या दुकानातली तांब्याची तार उघडी दिसते, पण तिच्यावर इनॅमलचा, म्हणजे वीज अडवणारा, लेप असतो. दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासून चकचकीत केल्याशिवाय वीज आत शिरत नाही. मधली तार मात्र खरवडू नका, वेढे शॉर्ट होतील. जळालेल्या मोटरीतून काढलेली काळी तार याच कारणाने नको. दुसरा थर उलट्या फेऱ्याने गुंडाळला, तर दोन्ही थर एकमेकांचं चुंबकत्व मारतात. सेल तापतो, म्हणून काही सेकंदच जोडा. घरातल्या 230 व्होल्टच्या प्लगला ही कॉइल कधीही लावू नका. जिवाशी खेळ होतो.

1820 साली डेन्मार्कच्या ओर्स्टेडने दाखवलं की तारेतून वीज गेली की जवळची होकायंत्राची सुई हलते. हा प्रयोग फसतो तो तार पूर्व-पश्चिम धरल्यामुळे. तार सुईच्या वर, तिच्याच रेषेत म्हणजे उत्तर-दक्षिण धरा. 2 सेंटीमीटरवरून 1 अँपिअर वीज गेली, तर सुई साधारण 15 अंशच वळते. गर्रकन फिरेल ही अपेक्षा ठेवू नका. टेबल लोखंडी असेल तर आधी ते बदला.

आता सगळ्यात मोठी चूक. कॉइलमध्ये चुंबक नुसतं ठेवायचं आणि वीज तयार होण्याची वाट बघायची! फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलं ते नेमकं हेच, की चुंबकीय क्षेत्र बदलत असेल तेवढा वेळच वीज निर्माण होते. चुंबक आत-बाहेर करा, झपाट्याने करा. एलईडी पेटवायचा असेल तर त्याला दोनेक व्होल्ट लागतात, पाच-पन्नास वेढ्यांत ते भागत नाही. शेकडो वेढे द्या.

हे नीट समजलं की रावेर-यावलच्या केळीच्या बागेतली मोटरही समजते. तिच्या फिरणाऱ्या भागाला, रोटरला, कुठलीच तार बाहेरून वीज पुरवत नाही. तिन्ही फेज, म्हणजे विजेच्या तिन्ही लाइनी, मिळून स्टेटरमध्ये, म्हणजे बाहेरच्या स्थिर भागात, फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार करतात आणि तेच रोटरमध्ये वीज उपजवतं. एक फेज गेला की सुरू होताना क्षेत्र फिरतच नाही, मोटर जागेवर घूं-घूं करते आणि जादा करंट ओढून वाइंडिंग जाळते. म्हणून असा आवाज आला की आधी बंद करा, मग फ्यूज बघा.

व्होल्टेज कमी असलं की मोटर आरामात चालते, हा समज तर फार महाग पडतो. क्षेत्र कमजोर झालं की रोटर मागे पडतो, तेवढाच करंट वाढतो आणि मोटर तापते. ऑटो स्विचमुळे लाइट येताच गावातल्या सगळ्या मोटरी एकदम उठतात, तेव्हा व्होल्टेज आणखी खाली येतं. ऑटो स्विच काढा, व्होल्टेज सावरायला चांगला कपॅसिटर बसवा, आणि स्टार्टरचा ओव्हरलोड रिले, म्हणजे जादा करंट झाला की मोटर बंद करणारा भाग, मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरला सेट करून घ्या. रिले सारखा ट्रिप होतो म्हणून तो बांधून ठेवणाऱ्यांचीच मोटर पुन्हा भरायला जाते.