इंजिन बांधताना कुठं तेल, कुठं पेस्ट, कुठं कोरडं

इंजिन जुळवताना सगळीकडे एकच ग्रीस फासायची सवय आपल्याकडच्या गॅरेजांत अजून दिसते. चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस आत वापरू नका. ते इंजिन ऑइलमध्ये नीट विरघळत नाही, गोळे होऊन तेलाच्या वाटा अडवू शकतं.

मेन (क्रँकशाफ्ट ब्लॉकमध्ये धरणाऱ्या) आणि बिग एंड (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथल्या) बेअरिंगच्या क्रँककडच्या बाजूला असेंब्ली ल्यूब, म्हणजे जुळवणीसाठीचं चिकट वंगण, लावा. पार्ट मिळायला वेळ लागून इंजिन आठ-पंधरा दिवस पडून राहणार असेल, तर हे हवंच. साधं तेल तोवर ओघळून जातं. बेअरिंगची मागची बाजू मात्र स्वच्छ आणि कोरडी. तिथं तेल राहिलं तर बेअरिंग नीट बसत नाही, उष्णताही बाहेर जात नाही. जुन्या सपाट टॅपेटच्या (कॅमवर थेट घासणाऱ्या, रोलर नसलेल्या) इंजिनात कॅमच्या उंचवट्यांवर मॉलिब्डेनमची पेस्ट. पिस्टन, रिंगा, बोअर यांना साधं इंजिन ऑइल पुरे. पेस्ट तिथं नकोच, रिंगा बसायला त्रास होतो.

हेड बोल्टचं मॅन्युअल पाहा. कोरडा टॉर्क (आट्यांना तेल न लावता आवळायचा जोर) सांगितला असताना आटे तेलकट केले, तर बोल्ट जास्त ताणला जातो. बोल्टच्या तळ बंद असलेल्या भोकात तेल साचलं तर ब्लॉकलाच तडा जाऊ शकतो.

आणि पुसायला कापूस नको बाप्पा! जिनिंगजवळच्या गॅरेजात तो फुकट मिळतो, पण त्याचे तंतू ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. न झडणारं धुतलेलं सुती कापड घ्या.

पहिल्यांदा स्टार्ट करण्याआधी प्लग काढून, इंधन आणि इग्निशन बंद ठेवून, ऑइल प्रेशर येईस्तोवर थोडं थोडं सेल्फ मारा.