ज्येष्ठांचा डिप्रेशनचा ग्रुप संपवताना प्रत्येकाचा स्वभाव बघा

ग्रुप थेरपी सुरू कशी करायची हे सगळे शिकवतात पण संपवायची कशी यावर फारसं कुणी बोलत नाही. या वयात जोडीदार गेलेला असतो, नोकरी सुटलेली असते, मित्र एकेक करून कमी होत असतात, आणि आता दर आठवड्याला भेटणारी ही सात-आठ माणसंही सुटणार असतात.

१२ सेशनचा ग्रुप असेल तर आठव्यालाच "आता चारच राहिली" असं सांगा, मग दर वेळी सांगा आणि तारखा मोठ्या अक्षरात लिहून द्या, कारण डिप्रेशनमध्ये लक्षात राहणं कमी होतं.

मग स्वभाव. पण आत्ता दिसतो तो आजारामुळेही असू शकतो, म्हणून पूर्वी कसे होते ते घरच्यांना विचारा.

सतत काळजी करणाऱ्यांची शेवटी शेवटी झोप परत बिघडते, अंग दुखायला लागतं. लगेच आजार उलटला असं धरू नका (डॉक्टरांना दाखवायचं असेल तर दाखवाच), ग्रुप संपतोय त्याचं काही वाटतंय का ते विचारा. दुसऱ्यावर अवलंबून राहणाऱ्यांसोबत बसून कुणाला, कोणत्या वारी फोन करायचा ते ठरवा. शिस्तीच्या माणसांना कागदावर प्लॅन दिला की ते पाळतात. बोलके लोक शेवटच्या दिवसाची पार्टी करून टाकतात, म्हणून आधी बोलणं, खाणंपिणं नंतर.

सगळ्यात जास्त लक्ष अबोल माणसांकडे द्या. "मी ठीक आहे" म्हणतात आणि शेवटच्या सेशनला येतच नाहीत. मला आधी वाटायचं यांना गरज नसेल, पण तसं नसतं हो, निरोप झेपत नाही म्हणून ते आधीच निघून जातात. आता मी त्यांना दोन आठवडे आधी एकटं भेटते, १० मिनिटं, आणि ग्रुपसाठी एकच वाक्य मागते, लिहून दिलं तरी चालतं.

शेवटी जीडीएसचे (ज्येष्ठांमधलं डिप्रेशन मोजायची प्रश्नावली) १५ हो-नाही प्रश्न परत विचारा. स्कोअर ५ च्या वर असेल तर पुढे कुणाकडे पाठवायचं ते ठरल्याशिवाय सोडू नका. जगण्यात अर्थ नाही असं कुणी बोललं तर जीव द्यावासा वाटतो का हे सरळ विचारा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना व घरच्यांना कळवा. ग्रुप संपला म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत हेही प्रत्येकाला स्पष्ट सांगा.

महिन्याने एकदा परत भेटायचं ठेवा, आणि ती तारीखही त्याच कागदावर लिहा.