बेडरूमच्या भिंतीची ओल: माझा अनुभव

नेरूळच्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये बेडरूमच्या भिंतीला खालून हातभर ओल धरायची. नखाने खरवडलं की पोपडा निघे, मागे पांढरा क्षार. सगळे म्हणत, बाहेरून वॉटरप्रूफिंग करा. पण ओल ऐन मे महिन्यातही होती, म्हणजे कारण पाऊस नव्हे. भिंतीपलीकडे बाथरूम. नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीतलं पाणी जिथून निचरतं त्या जाळीखालच्या भांड्यात, फडक्याचा बोळा कोंबून 24 तास पाणी तुंबवलं. पातळी उतरली, खालच्या काकूंच्या छतावरचा डाग वाढला. ट्रॅपभोवतीचा सांधा सुटला होता. प्लंबरने तेवढ्याच फरशा काढून नवा ट्रॅप बसवला, वॉटरप्रूफिंग केलं. फरशा लावण्याआधी पुन्हा पाणी तुंबवून बघाच, हे मी आग्रहाने सांगेन. फरशांमधल्या फटी इपॉक्सी ग्राउटने, म्हणजे पाणी न शोषणाऱ्या मिश्रणाने, भरल्या. प्लास्टर पूर्ण सुकेपर्यंत पुट्टी लावू दिली नाही. ओल्या भिंतीवरचा रंग फुगतोच.