पडलेले पेरू झाडाखाली ठेवू नका: हिवाळी बहरासाठी तातडीचा सल्ला

परतीचा पाऊस उघडून ऊन तापू लागले की कोल्हापूर परिसरातील पेरूबागांत फळमाशी झपाट्याने वाढते, आणि मृग बहराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलून हिवाळ्यात हाती येणारी फळे पक्व होऊ लागण्याचा काळही नेमका हाच असतो. म्हणून बाकीची कामे बाजूला ठेवून आजच झाडाखाली गळालेली फळे वेचावीत.

करवीर, कागल, हातकणंगले भागात ज्या बागांचा बहर वाया गेलेला पाहिला, त्यांतील बहुतेक बागांना खत किंवा पाणी कमी पडले नव्हते. कुजकी फळे जागच्या जागी राहिली, एवढेच कारण होते. मादी माशी पिकू लागलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळ्या गर खातात, फळ गळते, आणि पूर्ण वाढलेली अळी त्यातून बाहेर पडून मातीत कोषात जाते. साधारण ८ ते १० दिवसांत तेथूनच नवी माशी वर येते आणि पुढच्या तोड्याची फळे डंखते.

गळालेली फळे दिवसाआड वेचून २ फूट खोल खड्ड्यात पुरावीत व वर माती घट्ट दाबावी. उकिरड्यावर किंवा बांधावर टाकलेल्या फळांतील अळ्या तेथेही कोषात जातातच. झाडाखालची माती वरचेवर हलकी चाळावी, म्हणजे कोष उघडे पडतात आणि मुंग्या व पक्षी ते टिपतात.

मिथाइल युजेनॉलचे, म्हणजे नर फळमाशीला वासाने ओढणाऱ्या रसायनाचे सापळे एकरी ४ ते ५ लावावेत, परंतु त्यांत फक्त नर अडकतात, त्यामुळे केवळ सापळ्यांवर विसंबू नये. दुकानदार या दिवसांत महागडी कीटकनाशके गळ्यात मारतात. फळाच्या आत शिरलेल्या अळीवर वरच्या फवारणीचा फारसा उपयोग होत नाही, आणि तोडणीला आलेल्या फळावर औषधाचा अंश मात्र राहतो. फवारायचेच असेल तर ५ टक्के निंबोळी अर्क पुरेसा आहे. उसाच्या फडालगतच्या ओळींत डंख आधी दिसतात असा माझा अंदाज आहे. शिफारशीत हे सापडणार नाही, तरी पहिला सापळा त्या कडेलाच टांगावा.

इतर कामे: तणनियंत्रण, वाळक्या फांद्या काढणे, जमिनीच्या मगदुरानुसार पाणी, वाकलेल्या फांद्यांना आधार.

पुण्याच्या गणेशखिंडीत निवडलेल्या सरदार अर्थात एल-४९ या वाणाची खरी गोडी थंडी पडल्यावरच कळते, तेव्हा भावाच्या आशेने कच्ची तोड करू नये. साल पिवळसर हिरवी झाल्यावर सकाळच्या वेळी फळ देठासह तोडावे, आणि तोडताना हाती आलेले डंखलेले फळ खाली न टाकता सोबतच्या वेगळ्या पिशवीत घालून त्याच दिवशी पुरावे.