किनाऱ्यावरच्या घराची तयारी भरती-ओहोटीपासून

समुद्रकिनारी घर भाड्याने घेतलं की बॅगेत आधी पडतात ते पोहण्याचे कपडे आणि टोप्या. माझ्या यादीत मात्र सर्वांत वर असतं भरती-ओहोटीचं वेळापत्रक, कारण कधी चालायचं, कधी पोहायचं, होडी कधी सुटणार हे सगळं त्यावरच ठरतं. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते. म्हणजे भरतीची वेळ रोज जवळपास ५० मिनिटं पुढे सरकते. आज सकाळी आठला जिथे ऐसपैस वाळू होती, तिथे आठवड्याने त्याच वेळी पाणी असतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी नेहमीपेक्षा वर चढतं आणि ओहोटीला नेहमीपेक्षा दूर जातं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा हा फरक कमी. म्हणून मुक्कामाच्या तारखा ठरल्या की त्या ठिकाणचं वेळापत्रक कागदावर उतरवून घ्या आणि घरी पोचल्यावर दाराशी लावा.

मोठी ओहोटी सकाळी येत असेल, तर तो दिवस खडकांसाठी राखून ठेवा. पाणी पूर्ण उतरण्याच्या तासभर आधी निघायचं आणि ते परत चढायला लागलं की मागे फिरायचं. डबक्यांमध्ये शंखातले खेकडे, समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे, खडकाला चिकटलेले जीव), नशीब असेल तर तारामासा दिसतो. समुद्रफुलावर सावली पडली तर कधीकधी ते पाकळ्या आत ओढून घेतं, म्हणून उन्हाच्या बाजूला उभं न राहता समोरून, वाकून बघा. दगड उलटा केलात तर हलक्या हाताने पुन्हा होता तसाच ठेवा. त्याच्या खालच्या ओल्या बाजूला चिकटलेले जीव उघड्यावर राहिले तर उन्हाने वाळून मरतात. मुलांना हे निघण्यापूर्वीच सांगा. शेवाळावर चपला घसरतात, त्यामुळे पकड असलेले, भिजले तरी चालतील असे बंद बूट प्रत्येकाचे हवेत. कड्याच्या पायथ्याने पुढच्या पुळणीवर जायचं असेल किंवा ओहोटीतच पायी गाठता येतं असं बेट बघायचं असेल, तर परतीची वेळ आधी ठरवा, जाण्याची नंतर.

पोहण्याबाबत मी कोणतीही सूट देत नाही. लाल-पिवळे झेंडे म्हणजे त्यांच्या मधल्या पट्ट्यावर जीवरक्षकांची नजर आहे. नुसता लाल म्हणजे धोका मोठा. दोन लाल म्हणजे पाण्यात जायचंच नाही. जांभळा झेंडा जेलीफिशसारख्या जिवांचा इशारा देतो. पाण्यात उतरण्याआधी पाच-दहा मिनिटं काठावर उभं राहून लाटा बघा. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधला एक पट्टा शांत, गडद दिसतोय, त्यातून फेस खोल समुद्राकडे चाललाय, असं असेल तर तिथे रिप करंट, म्हणजे किनाऱ्यापासून आत समुद्रात ओढून नेणारा प्रवाह, असण्याची शक्यता आहे. नवख्या माणसाला नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे जोर लावू नका. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, आणि ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर या. घरातल्या प्रत्येकाला हे पाठ हवं.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त घ्या, आणि मोठी बाटली घ्या. मोठ्या माणसाच्या अंगाला एका वेळी सुमारे ३० मिलिलिटर लागतं, दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावं लागतं. लहान ट्यूब पहिल्याच दिवशी संपते. प्रथमोपचाराच्या डब्यात चिमटा ठेवा. जेलीफिश लागली तर जागा चोळू नका, गोड्या पाण्याने धुऊ नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा. श्वासाला त्रास झाला तर थेट दवाखाना. वाळूत मरून पडलेली जेलीफिशही डंख करू शकते, तेव्हा मुलांना हात लावू देऊ नका.

होडीची फेरी असेल तर लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या मापाचं आहे ना, ते काठावरच घालून बघा. परतीची शेवटची होडी किती वाजता, हेही तिथेच विचारा. गडगडाट ऐकू आला की पाणी आणि वाळू दोन्ही सोडा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं आडोशाला थांबा.

जवळ दीपगृह असेल तर ते उघडं असण्याच्या वेळा आधीच बघून ठेवा आणि हवा स्वच्छ असेल तो दिवस निवडा. वाळूवर उभं राहिलं की क्षितिज जेमतेम पाच किलोमीटरवर असतं, ३० मीटर उंचीवरून ते जवळपास २० किलोमीटरवर जातं. दुर्बीण न्याच, ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) पुरते. कासवांच्या विणीचा हंगाम असेल तर रात्री किनाऱ्याकडच्या खिडक्यांचे पडदे ओढून दिवे बंद करा, कारण उजेडाने पिल्लं समुद्राऐवजी घराकडे वळतात.

राहिलं किरकोळ: फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी, कॅमेरा पुसायला सुकं फडकं, आणि दाराशी लावलेल्या वेळापत्रकाशेजारी एक पेन. बाहेर पडणाऱ्याने कुठे चाललो आणि कधी परतणार, ते तिथेच लिहून जायचं.