स्वतःची वर्डप्रेस थीम बनवताय? या चुका टाळा

ब्लॉग चालवणाऱ्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरची थीम, म्हणजे ब्लॉगचं रूप ठरवणाऱ्या फाइल, शून्यापासून बनवायला शिकणारे मदत मागायला येतात तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक वेळा रंगाचा, फॉन्टचा नाहीतर स्लायडरचा असतो. कोड उघडून बघावा तर खरं दुखणं भलतीकडेच. एक तर थीमने वर्डप्रेसच्या कामात हात घातलेला असतो, नाहीतर वर्डप्रेसला काम करायला जागाच ठेवलेली नसते. पोस्ट डेटाबेसमधून आणणं, कोणत्या पानाला कोणती फाइल लावायची ते ठरवणं, प्लगइनच्या (जादा सोयी देणाऱ्या जोडण्यांच्या) स्क्रिप्ट पानात घालणं ही सगळी कामं वर्डप्रेस आधीच करत असतं. थीमने फक्त हाती आलेला मजकूर नीट मांडायचा. हे डोक्यात पक्कं नसलं की पुढे त्याच त्याच चुका होतात.

मी बोलतोय ते पीएचपीत लिहिलेल्या क्लासिक थीमबद्दल. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या ५.९ आवृत्तीपासून तयार ब्लॉक जुळवून केलेल्या ब्लॉक थीमही बनवता येतात आणि त्या चांगल्याच आहेत. पण वर्डप्रेस आतून कसं चालतं ते समजून घ्यायचं असेल तर क्लासिक थीम एकदा तरी स्वतःच्या हाताने लिहावी, असं माझं ठाम मत आहे. सुरुवातीला लागतात फक्त दोन फाइल: स्टाइल.सीएसएस आणि इंडेक्स.पीएचपी. बाकीच्या गरज पडेल तशा येतात.

डब्ल्यूपी_हेड आणि डब्ल्यूपी_फूटर विसरणं

ही चूक मला सर्वात जास्त छळते, कारण एका ओळीच्या अभावी लोक आठवडेच्या आठवडे भलत्याच गोष्टींच्या मागे लागतात.

एका ओळखीच्या ब्लॉगचं उदाहरण सांगतो. थीम स्वतः बनवलेली, दिसायला सुरेख. हेडर आणि फूटर एका तयार एचटीएमएल टेम्पलेटमधून उचललेले. तक्रार अशी की संपर्काचा फॉर्म पाठवला की अख्खं पान पुन्हा लोड होतं आणि गॅलरीतला फोटो जागेवर मोठा न होता वेगळ्या पानावर उघडतो. फॉर्मचं प्लगइन बदललं, मग गॅलरीचं बदललं, शेवटी होस्टिंगही बदललं. काही फरक नाही.

मी पानाचा सोर्स उघडला आणि थेट तळाशी गेलो. बॉडीचा टॅग बंद होण्याआधी एकही स्क्रिप्ट नव्हती. फूटर.पीएचपीमध्ये डब्ल्यूपी_फूटर() लिहिलेलंच नव्हतं. पुष्कळशी प्लगइन आपली जावास्क्रिप्ट तिथेच टाकतात. ती जागाच नसेल तर बिचारं प्लगइन काय करणार?

याहून वाईट गोष्ट पुढेच होती. लॉग-इन केल्यावर वर दिसणारी काळी अ‍ॅडमिन पट्टी या थीमवर येत नव्हती. डब्ल्यूपी_हेड() मात्र जागेवर होतं, त्यामुळे त्या पट्टीसाठी वर्डप्रेस सोडतं ती ३२ पिक्सेलची मोकळी जागा पानाच्या डोक्यावर तेवढी उरली होती. मालकाला वाटलं, सीएसएस बिघडलंय. त्याने हेडरला उणे ३२ पिक्सेलचं मार्जिन देऊन ती जागा बुजवून टाकली. त्याला स्वतःला, म्हणजे लॉग-इन केलेल्या माणसाला, सगळं झकास दिसत होतं. पण बाहेरून येणाऱ्या प्रत्येक वाचकाला ब्लॉगचं नाव वरून कापलेलं दिसत होतं, कारण त्याच्यासाठी ती मोकळी जागा मुळात नसतेच. फूटरमध्ये एक ओळ घातली, ते उणे मार्जिन काढलं, आणि फॉर्म, गॅलरी, पट्टी सगळं एकदम ताळ्यावर आलं.

माझी सवय सांगतो. नवी थीम सुरू केली की मी आधी फक्त हेडर आणि फूटर लिहितो. हेडचा टॅग बंद होण्याच्या अगदी आधी डब्ल्यूपी_हेड(), बॉडी उघडल्याबरोबर डब्ल्यूपी_बॉडी_ओपन() आणि बॉडी बंद होण्याच्या आधी डब्ल्यूपी_फूटर(). बॉडीच्या टॅगमध्ये बॉडी_क्लास(). मग पान उघडून काळी पट्टी येते का ते बघतो. पट्टी दिसेपर्यंत सीएसएसची एक ओळही लिहीत नाही. आणि दर वेळी दुसऱ्या ब्राउझरमध्ये, लॉग-इन न करता, तेच पान पाहतो. ज्यांना हे कंटाळवाणं वाटतं त्यांचीच पानं पुढे माझ्याकडे दुरुस्तीला येतात.

याच घरातली आणखी एक चूक: सीएसएस आणि जावास्क्रिप्टचे टॅग हेडरमध्ये हाताने लिहिणं. तसं करू नका. फंक्शन्स.पीएचपीमध्ये डब्ल्यूपी_एन्क्यू_स्क्रिप्ट्स या हुकवर (हुक म्हणजे ठरावीक क्षणी आपला कोड चालवण्याची जागा) डब्ल्यूपी_एन्क्यू_स्टाइल() आणि डब्ल्यूपी_एन्क्यू_स्क्रिप्ट() वापरा. आवृत्तीच्या जागी मी फाइलमटाइम() देतो, म्हणजे फाइल बदलली की पत्ता बदलतो आणि ब्राउझर जुनी सीएसएस धरून बसत नाही. ‘बदल केला पण दिसतच नाही’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथेच असतं. जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची लायब्ररी लागलीच तर वर्डप्रेससोबत येणारीच वापरा, बाहेरून दुसरी आणून बसवू नका. तिच्यात ‘जेक्वेरी’ऐवजी नुसतं डॉलरचं चिन्ह चालत नाही, हेही आधीच माहीत असू द्या.

दुसऱ्या-तिसऱ्या पानावर ४०४

पहिलं पान ठीक, पण ‘जुन्या पोस्ट’वर टिचकी मारली की गडबड, कधी ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’. कारण जवळजवळ नेहमी एकच: मुख्य पानाच्या फाइलमध्ये कोणीतरी स्वतःची नवी डब्ल्यूपी_क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे पोस्टची मागणी, लिहिलेली असते. वाचकाने पत्ता उघडला की थीमची फाइल चालण्याआधीच वर्डप्रेसने पोस्ट आणलेल्या असतात. त्या बाजूला सारून आपण पुन्हा आणायला जातो.

आकड्यांत बघू. ब्लॉगवर १५ पोस्ट आहेत. रीडिंग सेटिंग्जमध्ये एका पानावर १०, म्हणजे वर्डप्रेसच्या हिशोबाने पानं होतात दोन. तुम्ही तुमच्या क्वेरीत लिहिलंत ४, म्हणजे तुमच्या हिशोबाने पानं चार. खाली दुवे चार पानांचे येतात. वाचक तिसऱ्या पानावर जातो, वर्डप्रेस आपल्या हिशोबाने बघतं, तिसरं पान अस्तित्वातच नाही, म्हणून ४०४. तुमची फाइल चालायची वेळच येत नाही. इथे अनेक जण पर्मालिंक (पत्त्यांची रचना) पुन्हा पुन्हा सेव्ह करत बसतात, त्याने काहीही होत नाही. दुसऱ्या पानावर पहिल्याच पोस्ट पुन्हा दिसत असतील तर क्वेरीत पेज्ड (कितवं पान हवं ते) द्यायचं राहिलंय, ते वेगळं.

उपाय म्हणजे ती क्वेरी काढून टाकणं. टेम्पलेटमध्ये साधं हॅव_पोस्ट्स() आणि द_पोस्ट() असू द्या. पोस्टची संख्या बदलायची असेल तर आधी सेटिंग्जमध्ये बदला. फक्त एखाद्याच यादीसाठी वेगळी हवी असेल तर प्री_गेट_पोस्ट्स हा हुक वापरा, आणि त्यात इज_मेन_क्वेरी() व ‘अ‍ॅडमिन नाही’ या दोन्ही अटी घाला. अ‍ॅडमिनची अट विसरलात तर डॅशबोर्डातल्या पोस्टच्या यादीवरही परिणाम होऊ शकतो. क्वेरी_पोस्ट्स() हे फंक्शन कुठल्याही धड्यात दिसलं तर तो धडा तिथेच बंद करा. ते मुख्य क्वेरीच बदलून टाकतं. दुय्यम यादी, म्हणजे ‘याच विषयावरचं आणखी’ वगैरे, तिला स्वतंत्र डब्ल्यूपी_क्वेरी जरूर लावा, पण संपल्यावर डब्ल्यूपी_रीसेट_पोस्टडेटा() लिहा. नाहीतर खालच्या कॉमेंट भलत्याच पोस्टच्या दिसतात.

बाकीच्या, थोडक्यात

डीबग (चुका दाखवणारी सोय) बंद ठेवून शिकणं. पांढरं पान आलं की लोक अंदाजाने ओळी खोडत सुटतात. डब्ल्यूपी-कॉन्फिग.पीएचपीमध्ये डब्ल्यूपी_डीबग आणि डब्ल्यूपी_डीबग_लॉग चालू करा. फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक डब्ल्यूपी-कंटेंटमधल्या डीबग.लॉगमध्ये लिहून येतो. तो न वाचता प्रश्न विचारणाऱ्याला मी आधी तो वाचायलाच सांगतो.

चालू ब्लॉगवर डॅशबोर्डातल्या एडिटरमधून थीम बदलणं. नको. कॉम्प्युटरवर वेगळं वर्डप्रेस टाका, तिथे तोडाफोडा.

होम.पीएचपी म्हणजे मुखपृष्ठ, असं समजणं. होम.पीएचपी पोस्टच्या यादीसाठी आहे. मुखपृष्ठासाठी वर्डप्रेस सर्वात आधी फ्रंट-पेज.पीएचपी शोधतं.

फंक्शन्स.पीएचपीच्या सुरुवातीला रिकामी ओळ. किंवा शेवटी पीएचपीचा टॅग बंद करून त्याच्यापुढे मोकळी जागा. ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ ही सूचना आली की आधी हेच बघा. मी शेवटचा बंद टॅग लिहीतच नाही.

फीचर्ड इमेजची चौकट दिसत नाही? ती सोय थीममध्ये चालू करणारं अ‍ॅड_थीम_सपोर्ट राहिलंय. नवा इमेज साइज जोडला आणि जुन्या फोटोंना लागू होत नाही? तो फक्त पुढे अपलोड होणाऱ्या फोटोंना लागतो. जुन्यांचे थंबनेल पुन्हा तयार करावे लागतात.

कस्टम पोस्ट टाइप (मजकुराचा आपण बनवलेला वेगळा प्रकार) थीममध्ये नोंदवणं. यावर मी हट्टी आहे. उद्या थीम बदलली की पाककृती, कविता, परीक्षणं जे काही त्यात लिहिलंय ते डॅशबोर्डातून गायब होतं. डेटाबेसमध्ये असतं, पण लिहिणाऱ्याला ते दिसत नाही आणि त्याची पाचावर धारण बसते. वीस ओळींचं छोटं प्लगइन करा आणि त्यात ठेवा.

बाहेरून आलेला मजकूर तसाच छापणं. त्यातला घातक कोड निष्प्रभ करायला मजकुराला ईएससी_एचटीएमएल(), अ‍ॅट्रिब्यूटला ईएससी_अ‍ॅटर(), दुव्याला ईएससी_यूआरएल(). ‘माझाच तर ब्लॉग आहे’ म्हणून हे टाळणाऱ्यांशी माझं कधीच जमलेलं नाही.

तीन गुटगुटीत पोस्ट टाकून थीम झाली म्हणणं

चाचणीसाठी लोक सारख्या लांबीची तीन शीर्षकं आणि तीन देखणे फोटो घेतात. त्यावर कुठलीही थीम छानच दिसते. माझ्या चाचणीच्या ब्लॉगवर शीर्षक नसलेली पोस्ट असते, तीन ओळी खाणारं शीर्षक असतं, फोटो नसलेली पोस्ट असते, पानाबाहेर जाणारा तक्ता असतो आणि एकात एक गुंतलेल्या कॉमेंट असतात. शोधून काहीच न सापडल्याचं पानही मी दर वेळी उघडतो, कारण तिथे हॅव_पोस्ट्स()ची ‘नाहीतर’ची बाजू अनेकांनी लिहिलेलीच नसते.

आणि मराठीत लिहिणार असाल तर मराठीतच चाचणी करा. लॅटिन भरताड मजकुरावर सुंदर दिसणारी शीर्षकं देवनागरीत पार बिघडतात. लेटर-स्पेसिंग दिलं की शिरोरेषा तुटते, अक्षरं सुटी सुटी होतात. लाइन-हाइट १.१ किंवा १.२ ठेवून वर ओव्हरफ्लो हिडन केलं की ‘र्की’ची रफार-वेलांटी वरून आणि ‘कृ’, ‘द्रू’चं खालचं टोक छाटलं जातं. शीर्षकांना लेटर-स्पेसिंग शून्य, लाइन-हाइट निदान १.४, मजकुराला १.७ च्या आसपास, हे मी ठरवूनच टाकलंय. देवनागरीचा फॉन्ट फॉन्ट-फॅमिलीत नाव घेऊन लिहा. नाहीतर प्रत्येक वाचकाचं यंत्र आपल्याकडचा कुठलातरी लावेल, आणि तुम्ही मोजूनमापून ठेवलेली अंतरं फक्त तुमच्याच स्क्रीनवर बरोबर दिसतील.